तार तुटली की आधी तुमचा चेहरा बघतात: नव्या सुपरवायझरसाठी

मागाच्या शेडमध्ये शब्द ऐकू येत नाहीत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेलच्या कारखान्यात शिरा, सगळे माग चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. म्हणून इथली माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. पाणी, चहा, तार (सुताचा धागा) तुटली, फिटरला बोलाव, सगळ्याला खूण ठरलेली. आणि काम करता करता प्रत्येकाची अर्धी नजर सुपरवायझरच्या चेहऱ्यावर असते. तुम्ही लांबच्या मागापाशी उभं राहून कोणाला काय बोललात हे कोणालाच कळत नाही. पण तुमच्या कपाळावरची आठी, उगारलेलं बोट, हातातून फेकलेला टॉवेल हे सगळ्या शेडला दिसतं.

मी सत्तावीस वर्षं या कामात आहे. टॉवेलच्या कडा शिवायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मग चेकिंग, मग सुपरवायझर, आता प्रॉडक्शन बघते. दरवर्षी दोन-तीन नवी मुलंमुली सुपरवायझर म्हणून येतात. टेक्स्टाइलचा डिप्लोमा झालेला असतो, मशीन कळतं, हिशेब कळतो. माणसांशी कसं वागायचं ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि ज्या साहेबाच्या हाताखाली ती पहिल्यांदा राबली त्याचंच बघून ती वागायला लागतात. त्यांना मी समोर बसवून जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी माझ्या हातून काय झालं ते

मी नवी सुपरवायझर होते तेव्हाची गोष्ट. एका विणकराच्या मागावर टॉवेलला जाळी पडली होती, म्हणजे तारा तुटून वीण विरळ झाली होती, आणि त्याने माग न थांबवता तसंच विणत नेलं होतं. चेकिंगमधून तो माल परत आला. मी तो टॉवेल घेऊन शेडमध्ये गेले, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि त्याच्या पायाशी टाकला. मी काय बोलले ते कोणाला ऐकू गेलं नसेल, पण टॉवेल जमिनीवर पडला तो सगळ्यांनी बघितला. मला तेव्हा वाटलं, आता सगळे नीट काम करतील.

दुसऱ्या दिवशी वार्पिंगला, म्हणजे ताण्याच्या उभ्या तारा एका मोठ्या रुळावर गुंडाळतात तिथे, नवा बीम (तो रूळ) लागणार होता. क्रीलवर, म्हणजे सुताच्या चौकटीवर, कोन (सूत गुंडाळलेल्या निमुळत्या नळ्या) लावायला एक मावशी होत्या, सगळ्यांत जुन्या. सुताचा नंबर (जाडी) आणि लॉट (कुठल्या खेपेचं सूत) ओळखता यावा म्हणून कोनाच्या टोकाला रंग असतो. त्या दिवशी पेट्यांमधून आलेले बहुतेक कोन निळ्या टोकाचे होते, काही हिरव्या टोकाचे. नंबर एकच, लॉट वेगळा. कोऱ्या सुतात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. रंगवल्यावर दिसतो, कारण दोन लॉटच्या कापसात फरक असला तर रंगही कमी-जास्त धरला जातो. बीम झाला, माग चालले, माल रंगाला गेला. परत आला तो मरून रंगाचा, आणि प्रत्येक टॉवेलवर उभे पट्टे. तीन हजारांवर टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालात, गेले.

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं का हो?"

त्या म्हणाल्या, "दिसलं होतं की अक्का. पण आदल्या दिवशी तुम्ही त्या पोराच्या पायावर टॉवेल टाकलात. मी म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा."

मला त्या पट्ट्यांचं मूळ कोनात नाही, माझ्यात दिसलं. मी एका टॉवेलच्या जाळीसाठी जो राग केला, त्याची किंमत तीन हजार टॉवेलनी चुकवली. शिवाय ज्याच्यावर ओरडले तो विणकर माझ्याशी बोलायचा बंद झाला, ते वेगळंच.

वाईट बातमी येते तो पहिला मिनिट

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कोणी चूक सांगायला आलं की पहिल्या मिनिटात तुम्ही कसे वागता, त्यावर पुढचं वर्षभर तुम्हाला काय काय कळणार हे ठरतं.

तो माणूस समोर येतो तेव्हा हातातलं काम खाली ठेवा. मोबाईल उलटा ठेवा. पहिलं वाक्य ठरवूनच टाका, म्हणजे रागाच्या भरात दुसरं तोंडातून जाणार नाही. माझं वाक्य आहे, "सांगितलंस ते बरं केलंस." मग दोन प्रश्न विचारा: कधी दिसलं, आणि आत्तापर्यंत माल कुठवर गेलाय. या दोन प्रश्नांनी नुकसान थांबतं. "कोणी केलं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. तो विचारला की समोरचा माणूस माल सोडून स्वतःला वाचवायला लागतो, आणि खरी माहिती तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने विचारा, तेव्हाही "कसं झालं" असं विचारा. दहातल्या सात-आठ वेळा कारण एका माणसात नसतं. पेट्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात, चिठ्ठी वाचता येत नाही, पाळी बदलताना निरोप राहून जातो. आमच्या बाबतीत गोदामात दोन्ही लॉट शेजारी-शेजारी रचले होते. ते मीच रचायला सांगितलं होतं.

मागवाल्यांना समजेल असा एक दाखला देते. टोयोटा ही मोटारी बनवणारी कंपनी मागातून जन्मली. साकिची टोयोडा यांनी असे माग बनवले की तार तुटली की माग आपोआप थांबायचा. त्यांचा १९२४ चा जी टाइप माग त्यासाठी ओळखला जातो. हाच विचार पुढे मोटारींच्या कारखान्यात गेला. तिथे कामगाराच्या डोक्यावर दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की त्याने ती ओढायची, लगेच त्याचा टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्या मागावरही ताण्याच्या प्रत्येक तारेवर लोखंडाची पातळ पट्टी असते. तार तुटली की ती खाली पडते आणि माग उभा राहतो. त्या पट्टीवर आपण कधी चिडत नाही. "फुकट माग थांबवलास" असं तिला म्हणत नाही. माणसाने थांबवला की मात्र म्हणतो.

दुसरा दाखला इस्पितळातला. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. जिथे प्रमुख चांगला आणि लोकांचं एकमेकांशी जमतं तिथे चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदीत उलटंच आलं. चांगल्या वॉर्डात चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. शोध घेतल्यावर उलगडलं की चांगल्या वॉर्डातल्या नर्स चूक झाली की उघड बोलायच्या. बाकीच्या ठिकाणी ती दडपली जात होती. म्हणून तुमच्या शेडच्या रजिस्टरमध्ये एकही फॉल्ट लिहिलेला नसेल तर खूश होऊ नका. स्वतः जाऊन चेकिंगच्या टेबलावर तासभर बसा.

पाळी सुरू होतानाची फेरी

रोज पाळी सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं केबिनमध्ये जाऊ नका. फेरी मारा, आणि दारापासून नाही, शेवटच्या मागापासून सुरू करा. दाराजवळच्यांना साहेब रोज भेटतो, कोपऱ्यातल्याला महिनोन्महिने कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात तर दुपारी दोनलाही एक फेरी हवीच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, कधी त्रेचाळीस-चव्वेचाळीस, आणि सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये ओल धरून ठेवावी लागते. म्हणजे ऊनही आणि दमटपणाही. एसीतून फोनवर "प्रॉडक्शन का पडलं?" विचारणारा साहेब आणि त्या वेळी दहा मिनिटं त्यांच्यात उभा राहणारा साहेब, यांच्या सांगण्याला मिळणारा मान एक नसतो. तिथे उभं राहिलात की पाण्याचा माठ रिकामा आहे, पंखा एका बाजूलाच वारा देतोय, हेही दिसतं. ते त्याच दिवशी करून टाका.

हाक कशी मारता

बावीस वर्षांचा डिप्लोमावाला पोरगा पंचावन्न वर्षांच्या विणकराला "ए, इकडं ये" म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या माणसाचे वडील, कदाचित आजोबाही मागावर होते. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या शहराचं पोट सुतावर भरलंय. मोठ्या माणसाला अण्णा म्हणा, मामा म्हणा, अहो-जाहो करा. तुमचं पद कमी होत नाही. आपल्यात "काय बे" हे मायेनंही म्हणतात, पण ते बरोबरीच्यांनी आपापसात. सुपरवायझरच्या तोंडून आलं की त्यातली माया जाते आणि हुकूम तेवढा उरतो.

निम्म्याहून जास्त विणकर आमच्याकडे तेलुगू बोलणारे, पद्मशाली घरांतले. मराठी सगळ्यांना येतं. तरीही मी नव्या मुलांना दोन शब्द शिकवते: "एमैंदी?" म्हणजे काय झालं, आणि "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. कोणाच्या चेहऱ्यावर ताण दिसला तर हे दोन शब्द मराठीतल्या लांब चौकशीपेक्षा लवकर पोचतात. उच्चार चुकला तर ते हसतात, मग सुधारून देतात, आणि पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

बोलायची वेळ आली तर

रागावूच नका असं मी म्हणत नाही. माग चालू ठेवून बाहेर मोबाईल बघणाऱ्याला बोलावंच लागतं. पण शेडच्या बाहेर न्या, गोदामाच्या ओट्यावर न्या, जिथे आवाज चढवायची गरज नाही आणि बघणारं कोणी नाही. त्याच दिवशी बोला. आठ दिवस मनात ठेवून पगाराच्या दिवशी काढू नका. कापडाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. "या बीमवर तीन ठिकाणी जाळी आहे" हे ऐकून घेता येतं. "तुमच्यासारख्यांना काम नको असतं" हे कोणीही विसरत नाही. घराचा, जातीचा, गल्लीचा, शिक्षणाचा उल्लेख तोंडातून जाता कामा नये. आणि बोलून झालं की पाच मिनिटांनी त्याच माणसाला काहीतरी साधं विचारा, चहा झाला का, सूत पुरेल का. म्हणजे विषय तिथे संपला हे त्याला कळतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. शिलाई आणि पॅकिंगमध्ये बायका जास्त, फिटर आणि मुकादम बहुतेक पुरुष. घाणेरडं बोलणं, उगाच जवळ येणं याला "गंमत" म्हणून सोडून देणारा सुपरवायझर त्या बाजूचा धरला जातो. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी तक्रार समिती असावीच लागते. तिच्यातल्या बायकांची नावं आणि नंबर शिलाईच्या हॉलमध्ये लावा. ऑफिसात फाईलमध्ये ठेवलेली समिती कोणाच्या कामाची नाही.

गड्ड्याच्या वेळची रजा

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा, आपला गड्डा. सात नंदीध्वजांच्या काठ्या निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, अक्षता सोहळा होतो. पांढरी बाराबंदी घालून काठीबरोबर चालायला मिळणं हा घरातला मान असतो. त्या दिवसांत अर्धी शेड रजा मागते. श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा दुसरी अर्धी मागते. ईदला आणखी काही जण.

सुपरवायझर न्यायाने वागतो की नाही, हे लोक इथे तपासतात. पूर्वी मी जो आधी येईल त्याला रजा द्यायचे. ती खरं तर जो माझ्याशी गोड बोलायचा त्याला मिळायची, हे मला फार उशिरा समजलं. आता डिसेंबरच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डाजवळ मोठा कागद लावते. ज्याला जे दिवस हवेत ते त्याने स्वतः लिहायचे. ज्याला गेल्या वर्षी मिळाली नाही त्याचा नंबर पहिला. काठीचा मान असलेल्याची रजा कापायची नाही. उरलेल्यांनी आपसात अदलाबदल करायची, मी मध्ये पडत नाही. कागद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे कुरकुर झालीच तरी ती कागदावर बोट ठेवून होते, पाठीमागे होत नाही. हा कागद लावायला लागल्यापासून न सांगता पडणारे खाडे जानेवारीत कमी झाले.

पैशाबद्दल थोडक्यात. पगार महिन्याचा असेल तर कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. होणार नसेल तर ते पाच तारखेलाच तोंडावर सांगा, सात तारखेला केबिनचं दार लावून बसू नका. उचल द्यायचा अधिकार तुमच्या हातात नसेल तर "बघतो" म्हणू नका. "बघतो" ऐकून माणूस शाळेची फी भरायची तारीख ठरवतो.

तुम्ही नसता तेव्हा

१९३९ च्या सुमाराला अमेरिकेत आयोवा इथे कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले. मुलांनी मुखवटे वगैरे बनवायचे. एका प्रकारच्या गटात मोठा माणूस फक्त हुकूम सोडायचा, दुसऱ्यात मुलांना विचारून ठरवायचा. हुकूम सोडणारा खोलीत असेपर्यंत काम चालायचं, तो बाहेर गेला की ते पडायचं. विचारून ठरवणाऱ्याच्या गटात तो गेला तरी काम बऱ्यापैकी चालूच राहायचं.

हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या रजेच्या दिवसांचं प्रॉडक्शन रजिस्टरमधून काढून बघितलं. तुम्हीही काढा, दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नाही. तुमच्या रजेच्या दिवशी विणलेल्या कापडाचे मीटर कमी पडत असतील तर लोक तुमच्या नजरेसाठी काम करताहेत. त्यांना छोटे निर्णय सोपवा. कुठला बीम कोणत्या मागावर आधी घ्यायचा, हे विणकराला आणि फिटरला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. विचारा, आणि विचारलंत तर ऐका. विचारून मग स्वतःचंच खरं करण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

वरून आलेला राग

मालकाचा फोन येतो. पार्टी ओरडली, गाडी आजच भरायची, तुम्ही झोपा काढता का. फोन ठेवला की पाय आपोआप शेडकडे वळतात, आणि मालकाने जे तुम्हाला म्हटलं तेच दुप्पट करून तुम्ही मुकादमाला म्हणता, मुकादम विणकराला, आणि विणकर ते घरी घेऊन जातो. माझे वडील गिरणीत होते. जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, बोललेलं ते घरी आणायचे. आम्ही भावंडं त्यांच्या सायकलचा आवाज आला की गप्प बसायचो. ते मी विसरलेली नाही.

फोन झाल्यावर कूलरपाशी जा, पाणी प्या, दोन मिनिटं थांबा. मालकाच्या बोलण्यातलं काम तेवढं वेगळं काढा: किती टॉवेल, कोणता रंग, किती वाजेपर्यंत. तेवढंच शेडमध्ये न्या. "चार वाजेपर्यंत आठशे पॅक व्हायला हवेत, कसं जमेल?" एवढं पुरतं.

चूक तुमची असेल तेव्हा

ज्यांच्यासमोर चूक केली त्यांच्याचसमोर मान्य करा. पट्ट्यांचा तो प्रकार झाल्यावर मी चहाच्या सुट्टीत, माग बंद असताना, त्या विणकराला सगळ्यांदेखत म्हटलं की टॉवेल फेकला ते चुकलं, पुन्हा होणार नाही. मावशींनाही म्हटलं, यापुढे कोन वेगळा दिसला तर मला नक्की सांगा. त्यांनी मान हलवली.

एका माफीने सगळं ठीक होईल असं धरून चालू नका. माझ्या बाबतीत सहा-सात महिने काही झालं नाही. मावशी येत होत्या, काम करत होत्या, नमस्कार करत होत्या. बोलत नव्हत्या. त्या काळात दुसरं कोणी काही सांगायला आलं की मी काय करते, हे त्या क्रीलमागून बघत असणार. मला घाई करून चालणार नव्हती. रोज तसंच वागत राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मग एका सकाळी त्या दोन कोन हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. एकाचं टोक निळं, एकाचं पिवळं. "अक्का, हे बघा की," म्हणाल्या. मी वार्पिंग थांबवलं. पेट्या उघडल्या, चिठ्ठ्या बघितल्या, सूत देणाऱ्या गिरणीला फोन लावला. चाळीस मिनिटं गेली. लॉट एकच निघाला, गिरणीतली निळी नळी संपली म्हणून त्यांनी पिवळी वापरली होती. मावशींचा चेहरा उतरला. सगळं वार्पिंग खातं आमच्याकडे बघत होतं.

मी म्हटलं, "थांबवलंत ते बरोबर केलंत. उद्याही असं दिसलं तर थांबवा." आणि रजिस्टरमध्ये चाळीस मिनिटांच्या पुढे त्यांच्यासमोरच लिहिलं: कोनाचा रंग वेगळा, तपासणी केली, माझ्या सांगण्यावरून बंद. खाली माझी सही केली.

त्याच आठवड्यात तो टॉवेलवाला विणकर आला, बीमच्या कडेला तारा सैल लागतात म्हणून सांगायला.